नंबर जिवंत ठेवण्याची किंमत

मोबाइलचे दर वाढले की चर्चा लगेच जीबीवर जाते. दिवसाला एक जीबी की दीड, फाइव्ह-जी अमर्याद की नाही, सोबत कुठलं ओटीटी फुकट मिळतंय. पुण्यात बिबवेवाडीतल्या गंगाधाम चौकाच्या आजूबाजूला ज्या सोसायट्या आहेत, तिथे ही चर्चा रास्तच आहे. पण तिथून अप्पर इंदिरानगरचा चढ चढून वर गेलं की प्रश्न बदलतो. तिथे लोक विचारतात: नंबर बंद पडू नये म्हणून कमीत कमी किती टाकावे लागतील?

या प्रश्नाचं उत्तर २०१८ पासून कसं बदलत गेलं ते आधी पाहू, कारण माझ्या मते मोबाइल कंपन्यांच्या स्पर्धेचं खरं मोजमाप तिथेच होतं. २०१८ च्या उत्तरार्धापर्यंत साधं प्रीपेड कार्ड दहा-वीस रुपयांच्या टॉकटाइमवर महिनोन्महिने चालायचं. फोन आला तर उचलायचा, गरज पडली तरच लावायचा. २०१८ च्या अखेरीला ‘किमान रिचार्ज’ आलं आणि इनकमिंग चालू ठेवायलाही २८ दिवसांना ३५ रुपये मोजावे लागू लागले. एअरटेलचीच पुढची चढण पाहा. जुलै २०२१ मध्ये तळाचा प्लॅन ७९ रुपयांवर गेला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ९९ वर. २०२३ च्या सुरुवातीला तो १५५ झाला आणि जुलै २०२४ पासून १९९. म्हणजे सहा वर्षांच्या आत साडेपाच पटींहून जास्त. या १९९ रुपयांत अमर्याद कॉल आणि दोन जीबी डेटा मिळतो, हे खरं. पण ज्याला दिवसातून दोन फोन घ्यायचे आणि एखादा ओटीपी वाचायचा आहे, त्याच्यासाठी जिन्याची खालची पायरीच काढून घेतली गेली. आता पहिलं पाऊलच कमरेएवढं उंच टाकायचं.

रोजचा डेटा हवा असेल तर ही पायरी आणखी वर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जिओ आणि एअरटेल या दोघांनी काही दिवसांच्या अंतराने रोज एक जीबीचे आपले २४९ रुपयांचे प्लॅन बंद केले. उरला तो २९९ चा. घरात चार फोन असतील तर दर २८ दिवसांनी १,१९६ रुपये. वर्षात असे २८ दिवस तेरा वेळा येतात, त्यामुळे वर्षाचा हिशेब १५,५४८ रुपयांवर जातो. पगार बारा वेळा होतो, रिचार्ज तेरा वेळा करावं लागतं. दूरसंचार नियामक ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅन ठेवायला लावलं. कंपन्यांनी ते प्लॅन ठेवलेही. दुकानात मात्र पहिलं नाव २८ दिवसांच्या प्लॅनचंच निघतं.

अप्पर डेपोजवळच्या एका छोट्या रिचार्जच्या दुकानात मी मध्यंतरी बराच वेळ उभा होतो. महिन्याचा पहिला आठवडा होता. सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाची कामं करणारी एक बाई आली. हातात दोन फोन, एक स्वतःचा आणि एक मुलीचा. “दादा, माझ्यावर छोटं टाका, हिच्यावर नेटचं.” दुकानदाराने दोन्ही रकमा मिळवून सांगितल्या तेव्हा तिने पदराच्या गाठीतले पैसे मोजले आणि म्हणाली, “मग हिचंच करा. माझं पुढच्या आठवड्यात बघू.” दुकानदार म्हणाला, “मावशी, तुमचं आउटगोइंग कालच बंद झालंय. अजून ताणलं तर येणारे फोनपण थांबतील.” तिने क्षणभर विचार केला आणि तरी मुलीचंच रिचार्ज केलं. मुलीचा अभ्यास फोनवर चालतो. तिची स्वतःची कामंही फोनवरच मिळतात, ‘उद्या लवकर या’ हा निरोपसुद्धा फोनवरच येतो, पण दोन्हींपैकी एक निवडायचं तर आई काय निवडणार?

इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. ज्यांच्या घरी ती स्वयंपाक करते, त्यांच्याकडे वाय-फाय आहे. त्यांच्या मोबाइलवरचा रोजचा दीड जीबी रात्री बाराला न वापरताच संपतो. तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत वाय-फाय नाही. जे काही इंटरनेट आहे ते या रिचार्जचंच. ज्याची गरज जास्त, त्याला दुसरी वाट नाही.

तळाची पायरी इतकी वर का गेली, याचं उत्तर महाराष्ट्राच्याच मोबाइल इतिहासात आहे. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होते आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मुंबई वगळून उरलेल्या महाराष्ट्राचं आणि गोव्याचं एक परिमंडळ केलं गेलं, पुणे त्यात आलं. सुरुवातीला इथे दोनच खासगी परवाने होते, बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. पुढे याच दुसऱ्या कंपनीतून ‘आयडिया’ झाली. दोघांच्या त्या बाजारात मोबाइल ही बिल्डर, डॉक्टर आणि मार्केट यार्डातल्या मोठ्या आडत्यांची चीज होती. दर पडले ते माणसं वाढल्यावर नव्हे, कंपन्या वाढल्यावर. २००२ मध्ये बीएसएनएल मोबाइलमध्ये उतरली, डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स आली, १ मे २००३ पासून इनकमिंग मोफत झालं. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि काही महिन्यांत सगळ्यांना त्याच्या मागे जावं लागलं. त्या काळात आपल्या परिमंडळात एअरटेल, व्होडाफोन, आयडिया, बीएसएनएल, रिलायन्स, टाटा, एअरसेल, युनिनॉर अशी नावं एकाच टपरीवर शेजारी शेजारी लटकलेली असायची. यार्डातल्या हमालाच्या खिशात फोन आला तो या गर्दीमुळे. सरकारी योजनेने तो आणला नव्हता.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली. मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट होतं. एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, ती जून २०१७ मध्ये फेटाळली गेली. नव्याने बाजारात आलेल्या कंपनीकडे वर्चस्व नाही, मग त्याचा गैरवापर कसा, असा आयोगाचा तर्क होता. कायद्याच्या चौकटीत तो बसत असेल. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत काय झालं ते समोर आहे: रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल सेवा गुंडाळली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, आधीच टेलिनॉर झालेली युनिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये मिसळले. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. किमान रिचार्ज आलं ते याच वर्षाच्या शेवटी, आणि हा मला योगायोग वाटत नाही. फुकट डेटाचा तो काळ ग्राहकांना सुखाचा गेला. त्याचं देणं आता तळच्या ग्राहकाकडून वसूल होतंय.

आज उरल्या आहेत तीन खासगी कंपन्या आणि एक सरकारी. त्या तीनपैकीही व्होडाफोन आयडिया इतकी थकलेली, की एप्रिल २०२५ मध्ये ३६,९५० कोटींच्या थकबाकीचं भागभांडवल करून सरकारचा तिच्यातला हिस्सा जवळपास ४९ टक्के झाला. जून २०२४ च्या अखेरीला जिओने दरवाढ जाहीर केली, दुसऱ्या दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने. जुलैच्या ३ आणि ४ तारखेला ती लागू झाली. त्यांनी संगनमत केलं असं मी म्हणत नाही, त्याला पुरावा लागतो. पण तिघांपैकी एकाने भाव वाढवला आणि उरलेल्या दोघांना तो कमी ठेवून गिऱ्हाईक खेचावंसं वाटलं नाही, तर त्या बाजारात स्पर्धा मंदावली आहे एवढं तरी मान्य करायला हवं.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क आपल्याला २० जानेवारी २०११ पासून आहे. ‘पोर्ट’ लिहून पुढे आपला नंबर टाकून १९०० वर संदेश पाठवायचा, कोड येतो, परिमंडळातल्या परिमंडळात कामकाजाच्या तीन दिवसांत काम होतं. हा हक्क मोलाचा आहे. पण तिन्ही पाट्यांवर २९९ च लिहिलेलं असेल, तर बदलून जायचं कुठे? जुलै २०२४ मध्ये लोकांनी त्याचं उत्तर शोधलंही होतं. त्या एका महिन्यात बीएसएनएलला २९ लाखांवर ग्राहक मिळाले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. लोक आले, पण बीएसएनएलचं फोर-जी तयार नव्हतं. सुमारे ९७,५०० मनोऱ्यांच्या स्वदेशी फोर-जीचं उद्घाटन व्हायला २७ सप्टेंबर २०२५ उजाडलं. सरकारी कंपनीला नेमकं तेव्हा बळ देता आलं असतं तर खासगी कंपन्यांच्या दरांना आपोआप वेसण बसली असती. ती संधी गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कंपन्यांचं म्हणणंही खोटं नाही. भारतातला डेटा जगातल्या सर्वांत स्वस्तांपैकी आहे. २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात त्यांनी दीड लाख कोटींची बोली लावली, एकट्या जिओची ८८,०७८ कोटींची. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जुनी देणी अंगावर आली. गुंतवणूक वसूल झाली पाहिजे आणि त्यासाठी दर वाढले तर माझी तक्रार नाही. दिवसाला दोन-तीन जीबीचे चित्रपट पाहणाऱ्याकडून जास्त घ्या. प्रश्न इतकाच आहे की वाढ नेमकी तळाशी का केली जाते?

आणि तळाच्या माणसाला फोन टाळता येत नाही, कारण तो टाळू नये अशी व्यवस्था सरकारनेच केली आहे. १ जुलै २०२४ ला लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि ३ जुलैला दरवाढ लागू झाली. तारखा जुळल्या, एवढंच. पण त्यातून जे घडतं ते पाहा. दीड हजार रुपये मिळवायचे तर ओटीपी हवा. सप्टेंबर २०२५ पासून त्याच योजनेसाठी ई-केवायसी आली, तिथे आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी आणि सोबत पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी. म्हणजे एका हप्त्यासाठी घरात दोन जिवंत नंबर. नंबर सलग ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी तो काढून घेऊ शकते आणि काही काळाने दुसऱ्याला देऊ शकते. मग आधारला नवा नंबर जोडायला केंद्रावर जायचं, तिथलं शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये, आणि त्या दिवसाचा खाडा वेगळा. बँक, गॅस, शाळेचा प्रवेश, सगळीकडे तोच नंबर दिलेला. नंबर गेला की माणूस नोंदींतून पुसला जातो.

ट्रायला हे कळत नाही असं नाही. २३ डिसेंबर २०२४ ला त्यांनी नियम केला, की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन ठेवलाच पाहिजे. चांगला नियम. त्याचं पुढे काय झालं? एअरटेलने ८४ दिवसांना ४६९ आणि वर्षाला १,८४९ रुपयांचे प्लॅन आणले, जिओने ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १,७४८. दिवसाचा हिशेब पाच-साडेपाच रुपयांचा, १९९ च्या प्लॅनमध्ये तो सात रुपयांवर जातो. म्हणजे एकरकमी पैसे असणाऱ्याला स्वस्त, आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्याला महाग. नियम ज्यांच्यासाठी केला त्यांच्या हाती एका वेळी साडेचारशे रुपये मोकळे नसतात, आणि नियमात २८ किंवा ३० दिवसांचा असा प्लॅन ठेवा असं कुठे म्हटलेलं नाही.

मोबाइलचे दर ठरवायची मोकळीक ट्रायने कंपन्यांना वीसहून अधिक वर्षांपूर्वी दिली. तेव्हा कंपन्या वाढत होत्या, ते योग्यच होतं. पण ट्रायने सगळाच हात काढून घेतलेला नाही. ग्रामीण लँडलाइन आणि देशांतर्गत रोमिंगच्या दरांवर त्यांचं नियंत्रण आहे, कंपनी बदलण्याचं शुल्कही तेच ठरवतात, ६ रुपये ४६ पैसे. मग एक प्लॅन त्या मोकळीकीतून बाहेर काढायला काय हरकत आहे? कॅलेंडर महिन्याचा एक प्लॅन असावा: इनकमिंग, ओटीपीचे एसएमएस, आउटगोइंगची थोडी मिनिटं, आणि त्याच्या दरावर ट्रायची कमाल मर्यादा. वरचे सगळे प्लॅन कंपन्यांनी हवे तसे लावावेत. आणि ज्या सरकारी योजनेला ओटीपी लागतो, तिच्या लाभार्थीचा हा तळाचा प्लॅन त्या खात्याने भरावा. ज्याने नंबर सक्तीचा केला, त्याचा खर्चही त्यानेच उचलावा.

ही मागणी करायला पुण्याइतकं योग्य गाव नाही. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी इथेच सुरू केली. मोबाइलच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कंपन्या वर्षानुवर्षं सांगत होत्या, तेही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये खोडून काढलं. ट्राय नवा दर आदेश काढण्याआधी मसुद्यावर लेखी सूचना मागवते, आणि तिथे कंपन्यांची निवेदनं भरपूर असतात, ग्राहकांची थोडी. अप्परच्या बचत गटांनी, यार्डातल्या संघटनांनी, सोसायट्यांच्या समित्यांनी तळाच्या प्लॅनबद्दल एका पानाचं निवेदन तयार ठेवावं. पुढचा मसुदा येईल तेव्हा ते पाठवता येईल, पण तोवर वाट पाहायची गरज नाही; ट्रायला पत्र कधीही लिहिता येतं.