जुना ईसीजी कुठे गेला?

छातीत दुखते म्हणून रुग्ण आला की डॉक्टर विचारतात, जुना ईसीजी आहे का? आलेखातला एसटी भाग थोडा वर उचललेला दिसतो, तो आजच्या झटक्यामुळे की वर्षानुवर्षे तसाच आहे, हे ठरवायला तुलना लागते. नातेवाईक पिशवीतून जपून ठेवलेला कागद काढतात. तो जवळजवळ कोरा निघतो.

यात त्यांचा दोष नाही. ईसीजीच्या बहुतेक यंत्रांत शाई नसतेच. उष्णतेने काळा पडणारा कागद असतो. ऊन, उकाडा, प्लास्टिकचे पाकीट यांनी तो पुसट होतो. काही जण काळजीने लॅमिनेशन करायला जातात आणि अख्खा कागद काळाकुट्ट होऊन हातात येतो.

खरे तर आजचे यंत्र आधी आकडे मोजते, रेघ नंतर काढते. सेकंदाला ५०० नोंदी, बारा लीड, दहा सेकंद, म्हणजे ६० हजार आकडे. एका आकड्याला दोन बाइट धरले तरी सगळे मिळून सुमारे १२० किलोबाइट. मोबाइलवरचा साधा फोटो याहून मोठा असतो. तरीही अनेक ठिकाणी यंत्र फक्त छापते. छापून झाले की आकडे गेले. कुठे साठवण चालू असते, पण तरंगाऐवजी त्याचे चित्रच साठते. चित्रावरून पुन्हा नेमके मोजता येत नाही.

साठवतानाची फिल्टरची सेटिंगही तितकीच महत्त्वाची. रुग्ण थंडीने थरथरत असेल तर रेघ केसाळ येते, म्हणून ४० हर्ट्झचा फिल्टर लावला जातो आणि सवयीने तसाच राहतो. रेघ गुळगुळीत दिसते, पण बारीक खाचा बुजतात, उंच टोके बुटकी होतात. अमेरिकन हार्ट असोसिएशन व सहयोगी संस्थांच्या २००७ च्या शिफारशींनुसार प्रौढांमध्ये १५० हर्ट्झपर्यंतचा, तर लहान मुलांमध्ये २५० हर्ट्झपर्यंतचा संकेत टिकला पाहिजे. खालच्या टोकाला चुकीची मर्यादा ठेवली तर एसटी भाग नसताना सरकलेला दिसू शकतो. म्हणून फिल्टर छपाईपुरता लावावा, साठवण मूळ तरंगाची करावी. साठवतानाच गाळलेले पुन्हा मिळत नाही.

आणि यंत्राचे घड्याळ! ते चुकले असेल तर पहिला ईसीजी कोणता आणि दुखणे वाढल्यावरचा कोणता, हेच कळत नाही.

हा भार तंत्रज्ञावर टाकणे अन्यायाचे आहे. दाराबाहेर रांग असताना तो मेनू उघडत बसणार नाही. रुग्णालयाने या सेटिंग एकदा ठरवून त्यांना कुलूप लावावे. खरेदीच्या निविदेत मूळ तरंग डायकॉमसारख्या खुल्या स्वरूपात साठवण्याची अट असावी. नाहीतर कंपनी बदलली की जुन्या नोंदी उघडतही नाहीत.

तोवर घरच्यांनी ईसीजी काढला त्याच दिवशी झेरॉक्स काढून घ्यावी, शिवाय उजेडात सपाट ठेवून पूर्ण कागदाचा फोटोही काढावा. कडेला छापलेले नाव, तारीख, वेळ, फिल्टर आणि '२५ मिमी प्रतिसेकंद' हा आकडा फोटोत आलाच पाहिजे. बहुतेकांच्या फोटोत नेमकी ती कडच कापलेली असते.