वाळवीचा हिशेब

आपल्या गुजराती घरांत तिला उधई म्हणतात, मारवाडी घरांत दीमक, आणि कोकणातील शेजाऱ्यांच्या तोंडी ती वाळवी. नावे तीन असली तरी उपद्रव एकच. संगमेश्वरसारख्या गावात, जिथे शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या काठी बाजारपेठ वसली आहे, पावसाचे चार महिने जमीन ओलीचिंब असते आणि जांभ्याच्या भिंती ती ओल पुढे कित्येक आठवडे धरून ठेवतात, तिथे हा प्रश्न दर पिढीला नव्याने भेटतो. चौकट ठोकून पाहावी तर आतून पोकळ आवाज येतो. रंगाचा पापुद्रा तेवढा उभा असतो, लाकूड केव्हाच गेलेले असते. मग कोणीतरी सांगते, ‘पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा’. येथे श्रावकाच्या घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. खर्च किती येईल, आणि पाप किती लागेल?

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण तो टाळून पहिल्याचे उत्तर नीट देता येत नाही. वाळवी हा त्रस जीव आहे. शास्त्राच्या वर्गवारीत मुंगी, ऊ यांच्याबरोबर त्रींद्रियांत मोडणारा. गृहस्थाला हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. यांपैकी संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाने करायचाच असतो. उरलेल्या तीन त्याला संपूर्ण टाळता येत नाहीत, पण कमीत कमी कराव्यात अशी अपेक्षा असते. वारूळ समोर दिसत असताना त्यात औषध ओतणे कोणत्या खान्यात घालायचे, याबद्दल मतभेद आहेत आणि निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून करावा. माझे म्हणणे एवढेच की, हा पेच औषधाचा पंप दारात आल्यावर सुरू होत नाही. तो त्याच्या दहा वर्षे आधी, घराचे जोते बांधताना आणि न्हाणीघराचा गळका नळ दुर्लक्षिताना सुरू झालेला असतो. आपल्याकडे लीलफूग होऊ नये म्हणून ओल राहू न देण्याची, पाणी साचू न देण्याची शिकवण घराघरांत आहे. जयणा म्हणतात ती हीच. वाळवीलाही नेमकी तीच ओल हवी असते. लीलफूग टाळणारे घर वाळवीलाही फारसे आवडत नाही.

वाळवी मुंगीच्या कुळातील नव्हे. जीवशास्त्र तिला झुरळाची नातलग मानते. कोकणात घरांना त्रास देणारी वाळवी मुख्यत्वे जमिनीत राहणारी असते. तिची वसाहत मातीत, राणी मातीत, आणि कामकरी वाळवी अन्न शोधत घरात येते. उघड्या हवेत तिचे अंग सुकते, म्हणून ती मातीची नळी बांधत, त्या नळीच्या आडोशाने वर चढते. भिंतीवर, चौकटीवर किंवा खांबावर पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसली की समजावे, खाली जमिनीशी रस्ता जोडलेला आहे. लाकडातून पिठासारखी बारीक भुकटी गळत असेल आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसत असतील, तर तो बहुधा लाकूड पोखरणारा भुंगा. त्याच्यासाठी जमिनीत औषध ओतणे म्हणजे शुद्ध पैशाची नासाडी. ही ओळख न पटवता काम घेणारा माणूस दारातूनच परत पाठवावा.

आता खर्च. बाजारातील दर साधारणतः जमिनीच्या चौरस फुटावर सांगतात. तो गावोगाव, औषधागणिक आणि कारागीर रत्नागिरीहून येतो की चिपळूणहून यावरही बदलतो. उदाहरणादाखल चौरस फुटाला ८ रुपये धरू. ३० बाय ४० फुटांच्या, म्हणजे १,२०० चौरस फुटांच्या बैठ्या घराला ९,६०० रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,७२८ मिळवून ११,३२८. आपण व्यापारी माणसे. दर ऐकताच घासाघीस करतो आणि ६ रुपयांवर सौदा तुटला की खूश होतो. पण या धंद्यात दर पाडला की माल पाडला जातो, आणि माल जमिनीत जिरलेला असल्याने तो कोणी तपासू शकत नाही. म्हणून दराची नव्हे, लिटरची चौकशी करावी.

भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६३१३ हे मानक वाळवीविषयीच आहे. त्याचे तीन भाग आहेत : बांधकामातील खबरदारी, बांधकामापूर्वीची फवारणी आणि उभ्या इमारतीवरील उपचार. उभ्या घरासाठी त्यात सांगितलेली पद्धत अशी की, आतून भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे सुमारे १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे ३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एका फुटाच्या अंतराने पाडावीत आणि प्रत्येक छिद्रात माती शोषेल तेवढे, जास्तीत जास्त एक लिटर द्रावण सोडावे. बाहेरून घराभोवतीच्या मातीत ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत, मीटरला सुमारे सव्वादोन लिटर या प्रमाणात ते द्यावे.

वरच्या घराचा हिशेब मांडून पाहा. बाहेरचा घेर १४० फूट, म्हणजे जवळजवळ ४३ मीटर. तिथे सुमारे ९७ लिटर. आतल्या भिंतींच्या कडा मिळून २५० फूट धरल्या तर २५० छिद्रे आणि २५० लिटर. एकूण साडेतीनशे लिटरच्या आसपास द्रावण. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी हे जुने, स्वस्त औषध वापरले, तर एक भाग औषधास १९ भाग पाणी हे प्रमाण आहे, म्हणजे मूळ औषध साडेसतरा लिटर लागते. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के वापरले, तर लिटरला सुमारे २.१ मिलिलिटर, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर. पाठीवरचा पंप १६ लिटरचा असतो. साडेतीनशे लिटर म्हणजे त्याच्या बावीस खेपा. दोन तासांत तीन पंप मारून, पावती फाडून, ‘शेटजी, पाच वर्षे निर्धास्त’ असे सांगणाऱ्याने तुमच्या घरात काय केले असेल, ते वेगळे सांगायला नको. बाटलीचे सील तुमच्यासमोर फुटले पाहिजे, रिकाम्या बाटल्या मोजल्या पाहिजेत, छिद्रे पांढऱ्या सिमेंटने बुजवून दिली पाहिजेत. पावतीवर औषधाचे नाव, टक्केवारी, एकूण लिटर आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. हमी म्हणजे खाल्लेल्या लाकडाची भरपाई नव्हे. मुदतीत वाळवी परत दिसली तर पुन्हा विनामूल्य उपचार, इतकाच तिचा अर्थ बहुधा असतो. असे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्याला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. तो दाखवा म्हणण्यात संकोच कसला? उधार देताना आपण गिऱ्हाइकाची चौकशी करतोच.

कोकणच्या घरांत मात्र एक अडचण आहे, जी शहरातून आलेला कारागीर लक्षात घेत नाही. जुन्या जांभ्याच्या भिंती मातीच्या चिखलात रचलेल्या असतात. दगड सच्छिद्र, सांधे मातीचे, आत पोकळ्या. एखाद्या छिद्रात द्रावण ओतत राहावे आणि ते भरूच नये, आणि शेजारच्या छिद्रात पाव लिटरही जिरू नये, असे होते. सगळीकडे सारखा हात फिरवून भागत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. संगमेश्वरच्या परसात घराला लागून विहीर असते, आणि उताराचे सारे पाणी शेवटी नदीला मिळते. क्लोरपायरीफॉस मातीला घट्ट चिकटून राहते, पण पाण्यात गेले तर माशांना अत्यंत घातक. इमिडाक्लोप्रिड पाण्याबरोबर अधिक सहज सरकते आणि मधमाश्यांना विषारी आहे. विहिरीच्या बाजूच्या भिंतीला औषध द्यायचे की नाही, हे आधी ठरवावे. माझ्या मते तिथे देऊच नये, त्या बाजूचे लाकूड काढून दगड किंवा लोखंड घालावे. आणि पावसाळ्यात तर हे काम कोणत्याही परिस्थितीत करू नये. भिजलेली माती औषध शोषत नाही, ते वाहून जाते. आपल्याकडे चातुर्मासात बांधकामाचे आरंभ टाळण्याची प्रथा आहेच. कार्तिकी पौर्णिमा उलटली की वैशाखापर्यंतचा काळ मोकळा.

पूर्वी आल्ड्रिन, क्लोरडेन आणि हेप्टाक्लोर ही औषधे याच कामासाठी सर्रास वापरली जात. ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात, हाच त्यांचा गुण मानला जाई. पुढे तोच दोष ठरला, आणि २००१ च्या स्टॉकहोम करारात जगाने प्रथम ज्या बारा विषांवर बंदी किंवा कडक निर्बंध घातले, त्यांत ही तिन्ही होती. जुन्या गोदामात एखादा तसला डबा पडलेला असेल, तर तो ‘जुने औषध जास्त कडक’ म्हणून वापरण्याचा मोह कोणी धरू नये. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य का घातले आहे, ते अशा वेळी चांगले कळते.

अलीकडे आमिषाची पद्धतही आली आहे. जमिनीत डब्या पुरतात, वाळवी त्यातील अन्न वसाहतीत नेते आणि हळूहळू सारी वसाहत राणीसकट संपते. औषध अगदी थोडे लागते, विहिरीला धोका कमी, खर्च मात्र बराच अधिक. पर्यावरणाच्या दृष्टीने ही पद्धत उजवी म्हणतात. आपल्या दृष्टीने विचार केला तर तिचा हेतूच समूळ नाश हा आहे, आणि मातीतल्या औषधाच्या पट्ट्याचा हेतू घराभोवती कुंपण घालण्याचा. आजच्या औषधांनी त्या कुंपणातही जीव मरतात, हे खरेच. तरी दोहोंतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला तो वाटणार नाही, त्याच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

खरा स्वस्त आणि कमी हिंसेचा मार्ग बांधकामाच्या वेळीच असतो. उंच जोते, भिंतीभोवती भेगा नसलेला काँक्रीटचा पट्टा, लाकडाचा मातीशी कुठेही स्पर्श नाही, सरपण भिंतीला लावून रचलेले नाही, बांधकामातल्या फळ्या आणि खुंट्यांचे तुकडे भरावात पुरलेले नाहीत. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण गवंडी मंडळी नेमके तेच करतात. फरशीखाली वाळवीला मेजवानी मांडून ठेवतात. नव्या घराच्या भरावावर काँक्रीट पडण्यापूर्वी औषध द्यायचे, तर मानकानुसार चौरस मीटरला ५ लिटर द्रावण लागते. १,२०० चौरस फुटांना साडेपाचशे लिटरहून अधिक, आणि पायाचे वेगळे. आकडा मोठा दिसतो. पण पुढे फरशी फोडून तेच करण्यापेक्षा तो निश्चित कमी पडतो, आणि रिकाम्या भरावात उभी वसाहतही नसते. जुनी कोकणी माणसे सागवान, फणस, किंजळ असे लाकूड निवडून त्याला काजूच्या टरफलाचे तेल चोपडत. ते अजून मिळते आणि काम करते. फक्त कातडीवर पडले तर फोड येतात, म्हणून हातमोजे घालावेत. घरातल्या, पावसात न भिजणाऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचे पाणीही चालते. बाहेरच्या लाकडाला ते लावून उपयोग नाही, पहिल्याच पावसात धुऊन निघते.

वाळवी कागदही सोडत नाही, आणि हे व्यापाऱ्याने विशेष ध्यानी धरावे. २०११ साली उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात एका बँकेच्या तिजोरीतील सुमारे एक कोटी रुपयांच्या नोटा वाळवीने खाल्ल्याची बातमी देशभर गाजली होती. आपल्या दुकानांत नोटा तितक्या नसतील, पण कागदपत्रे असतात. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि वाळवीने खाल्ले हे उत्तर अधिकाऱ्यापुढे देणे कठीणच. विम्याकडूनही फारशी आशा नको. अशा हळूहळू होणाऱ्या नुकसानीची भरपाई बहुतेक पॉलिसींत नसते.

या बाबतीत आपल्या ज्ञानभांडारांकडे पाहावे. पाटण आणि जैसलमेरची ताडपत्रे शेकडो वर्षे टिकली, ती आजच्या कोणत्याही औषधाविना. पोथी कापडात घट्ट बांधलेली, डब्यात ठेवलेली, सोबत वेखंडाची पुरचुंडी. आणि वर्षातून एकदा सगळे बाहेर काढून झटकलेले. दिगंबरांची श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, पाऊस लागण्याच्या तोंडावर येते. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला, पाऊस ओसरल्यावर. दोन्ही तिथी मिळून ओल येण्याआधीची आणि ओल गेल्यानंतरची अशी तपासणीच होते. दुकानातील वह्यांचे कपाट याच दोन दिवशी भिंतीपासून पुढे ओढावे, मागची भिंत विजेरीने पाहावी, जमिनीशी टेकलेले खोके उचलून लोखंडी मांडणीवर ठेवावेत. मातीची रेघ नुकतीच, बोटभर लांबीची असेल, तर ती खरवडून, ओलीचे कारण शोधून, लाकडाचा जमिनीशी असलेला संबंध तोडला की पुष्कळदा तेवढ्यावर भागते. ओल तशीच ठेवून नुसती रेघ पुसली, तर काही दिवसांत ती पुन्हा उभी राहते, आणि मग साडेतीनशे लिटरचा हिशेब काढावा लागतो.