एका दिवसाची रांगोळी



गेल्या एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या भावाने ठाणे स्टेशनवर रांगोळी काढली आणि मी रात्रभर त्याच्या हाताखाली होते. हे कळल्यावर नात्यातल्या एकीने फोनवर विचारले, "या वयात स्टेशनवर जमिनीवर बसायचं, आणि तेही दुसऱ्या दिवशी झाडून टाकण्यासाठी? त्यापेक्षा ते पैसे मंदिरात द्यायचे." तेव्हा मला नीट उत्तर सुचले नाही. म्हणून आज लिहिते.

भाऊ निवृत्त ड्रॉइंग मास्तर. भावजय गेल्यापासून तो बोलेनासा झाला होता, रंगांचे डबे माळ्यावर गेले होते. एक दिवस त्याचाच फोन आला. "अक्का, 16 एप्रिलला स्टेशनवर रांगोळी काढायची म्हणतोय. परवानगी मिळालीय. येशील?" गुडघे दुखतात हे अगदी ओठांवर आले होते, पण त्याचा आवाज ऐकून गिळले.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली. 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने आणि अंतर 34 किलोमीटर. आज तेच अंतर लोक दारात लोंबकळत कापतात. त्यांना ती गाडी एकदा दाखवावी, एवढाच त्याचा हेतू.

मी दोन गोष्टी आधीच सांगितल्या. एक, तांदळाचे पीठ नको. दारातल्या रांगोळीचे पीठ मुंग्यांना मिळते ते ठीक, पण इथे मुंग्या जमल्या तर पायांखालीच जाणार. म्हणून साधी दगडाची रांगोळी. दुसरे, स्वस्तिक किंवा ॐ नको. जिथे पाय पडणार तिथे पवित्र चिन्ह काढणे हा अविनयच. भावाने दोन्ही ऐकले.

सूर्यास्तापूर्वी जेवून निघाले. शेवटची लोकल गेल्यावर तिकीट खिडक्यांसमोरची जागा जीव पाहून मऊ फडक्याने पुसली. सुतळीला खडू बांधून त्याने चाकांची वर्तुळे आखली. मी रंग चाळून देत होते, बॅटरी धरत होते. पहाटेपर्यंत त्याने भावजयीच्या जितक्या आठवणी काढल्या, तितक्या वर्षभरात काढल्या नव्हत्या.

सकाळी गर्दी सुरू झाली. बरेच जण न बघताच गेले. काही वळून गेले, काहींनी फोटो काढले. एक आजोबा नातवाला डबे मोजायला लावत होते. साडेनऊला एक मुलगा धावत आला आणि थेट सुलतान इंजिनावरून गेला. मला राग आला. भाऊ हसला, "अक्का, त्याची लोकल चुकली असती."

रात्री सफाईवाल्या बाईंनी येऊन विचारले, "ताई, झाडू का आता?" भावानेच मान डोलावली.

मी बी.कॉम. झालेली, हिशेब घातल्याशिवाय चैन पडत नाही. रांगोळी, रंग, सुतळी, खडू मिळून 840 रुपये. घसारा एका दिवसात शंभर टक्के. वहीत हा तोटाच दिसेल. पण आपण रोज मंदिरात पाटावर तांदळाचा साथिया काढतो, वर तीन पुंज, त्यावर चंद्रकोर. पूजा झाली की तो पुसतो. तो वाया गेला असे आपण कधी म्हणतो का?

बारा भावनांतली पहिली अनित्य भावना. आपण ती पाठ म्हणतो, पण तिचा अर्थ "काहीच करू नका" असा लावून बसतो. मला वाटते, जे करायचे ते मन लावून करावे आणि जाताना धरून ठेवू नये, इतकेच ती सांगते. भावजयीचे जाणे ज्याला सोडवत नव्हते, त्या माझ्या भावाने त्या रात्री झाडूला मान डोलावली. हे मी कुठल्या प्रवचनाने त्याला शिकवू शकले नसते.

मंदिरात दान द्यावेच, मीही देते. पण घरातला एखादा माणूस असे काही करू म्हणाला, तर खर्च विचारण्याआधी चाळणी हातात घ्या. रंगांचे डबे आता त्याच्या खिडकीत आहेत. दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या दिवशी, तो सोसायटीच्या जिन्यापाशी काढणार आहे. रंग चाळायला मीच जाणार.

जय जिनेंद्र.