'शेत्र' लिहिलं तर फोन 'नेत्र' का सुचवू शकतो?

मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण फोनवर मराठी शब्द चुकला, तर तो दुरुस्त करण्यामागे अनेकदा एक जुनं गणित असतं.

सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५मध्ये दोन शब्दांतलं 'अंतर' मोजण्याची पद्धत मांडली. एक चिन्ह घालणं, गाळणं किंवा बदलणं म्हणजे एक पाऊल. सर्वांत कमी पावलांवरचा कोशातला शब्द सर्वांत जवळचा.

'पानी'पासून 'पाणी' एका पावलावर आहे. पण 'पाटी' आणि 'पाती'ही तेवढ्याच अंतरावर! म्हणून कोणता शब्द जास्त वापरात आहे, न-ण ही गल्लत किती नेहमीची आहे, हेही सॉफ्टवेअरला शिकवावं लागतं.

देवनागरीत गुंता वाढतो. आपल्याला 'क्ष' एकच अक्षर दिसतं, युनिकोडमध्ये मात्र ती क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं असतात. त्यामुळे 'शेत्र'पासून 'क्षेत्र' तीन पावलांवर जातं आणि काही संबंध नसलेलं 'नेत्र' एकाच पावलावर येतं. कानाला जवळचं काय, हे या मोजणीला कळतच नाही.

शिवाय चुकलेला शब्दही कोशात असेल तर? 'मराठी भाषा गौरव दीन' लिहिलं, तरी नुसता कोश तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लाल रेघ उमटत नाही.