विद्यापीठांतील पेशीविज्ञान आणि आमची उदासीनता

विद्यापीठें परीक्षांसाठीं आहेत, संशोधन हें संशोधनसंस्थांचें काम आहे, हें मत आमच्या सुशिक्षित समाजांत इतकें रूढ झालें आहे कीं, त्याला मत म्हणावें असेंही कोणाच्या मनांत येत नाहीं. तें उघड सत्यच समजलें जातें. भाईंदर पश्चिमेच्या ज्या वस्तींत आम्ही राहतों तेथें दर जून महिन्यांत याची प्रचीति येते. मुलीला बी. एस्सी.ला घालावयाचें ठरलें म्हणजे वडीलमंडळी चौकशी करतात ती एवढीच : फी किती, पुढें नोकरी कोठें लागते, आणि जाण्यायेण्यांत किती वेळ मोडतो. पदवी हातीं येईपर्यंत मुलीला जिवंत पेशी एकदां तरी पाहावयास मिळेल काय, हा प्रश्न विचारलेला आम्हीं अद्याप ऐकिला नाहीं. पोहण्याच्या वर्गाला मुलगा घालावयाचा असला तर आम्ही आधीं तलाव पाहून येतों, आणि त्यांत पाणी आहे कीं नाहीं याची खात्री करून घेतों. पेशीविज्ञानाच्या बाबतींत ही खबरदारी कोणास आवश्यक वाटत नाहीं.

या मताचें मूळ जुनें आहे. 1857 सालीं मुंबई विद्यापीठ निघालें तें लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवावें महाविद्यालयांनीं, आणि विद्यापीठानें परीक्षा घेऊन पदव्या द्याव्या, अशी ती वांटणी होती. खुद्द लंडननें 1898 च्या कायद्यानें हा सांचा मोडला व अध्यापन आणि संशोधन विद्यापीठाच्या कक्षेंत आणलें. आमच्याकडेही पुढें विद्यापीठाचे स्वतःचे विभाग निघाले, कांहीं फार चांगले निघाले. परंतु आमच्या मनांतील परीक्षापीठ जागचें हललें नाहीं. स्वातंत्र्याच्या आगेंमागें राष्ट्रीय प्रयोगशाळा व स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. त्या राहावयासच हव्या होत्या. पण पैसा आणि यंत्रें तिकडे गेलीं, विद्यार्थी इकडे राहिले, आणि दोहोंच्या मध्यें जी भिंत उभी राहिली तिला आम्ही व्यवस्था असें नांव दिलें.

विद्यापीठाच्या विभागांतून पेशीविज्ञानांत मोठें असें कांहीं होतच नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं धोतऱ्याचा इतिहास पाहावा. उकिरड्यावर उगवणारी ही वनस्पति. 1964 सालीं दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागांत शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी हीं दोघें तिच्या एका जातीचे परागकोश काचपात्रांत पोषक द्रव्यावर वाढवीत होतीं. त्यांना पाहावयाचें होतें तें पेशीविभाजन. दिसलें तें भलतेंच : परागकोशांतून इवले इवले गर्भ बाहेर येऊं लागले. पुढें निश्चित झालें कीं, ते परागकणांपासूनच झालेले आहेत. परागकणांत गुणसूत्रांचा एकच संच असतो, म्हणून त्यापासून वाढलेलें रोपही एकाच संचाचें असतें. तो संच औषधानें दुप्पट केला कीं शुद्ध वाण एका पिढींत तयार. एरव्हीं त्यासाठीं कित्येक पिढ्या स्वपरागण करीत बसावें लागे. या युक्तीवर पुढें जगभर भात, गहूं, तंबाखू यांचीं वाणें निघालीं. हें काम एखाद्या राजवाड्यासारख्या संस्थेंत झालें नाहीं. जेथें एम्. एस्सी.चीं मुलें रोज येत-जात होतीं अशा विभागांत तें झालें, आणि अनपेक्षित दिसलें तेव्हां तें टाकून न देणारी नजर तेथें तयार झालेली होती.

दिल्लीचें राहूं द्या, महाराष्ट्राचें बोला, असें कोणी म्हणेल. तर कमल रणदिवे यांचें उदाहरण घेऊं. 1917 सालीं पुण्यांत जन्म, फर्ग्युसन महाविद्यालयांत शिक्षण, आणि 1949 सालीं मुंबई विद्यापीठाची पीएच्. डी. मार्गदर्शक डॉ. वसंत रामजी खानोलकर. पण काम झालें कोठें? परळच्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत. विद्यापीठानें दिला तो शिक्का. पुढें बाई अमेरिकेंत जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या. हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णी स्त्रीच्या अर्बुदांतील पेशी 1951 मध्यें ज्यांच्या प्रयोगशाळेंत अखंड वाढूं लागल्या, तेच हे गाय. (त्या स्त्रीला कोणी विचारलें नव्हतें, हेंही सांगितलें पाहिजे.) परत येऊन रणदिवे यांनीं परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत जी प्रयोगशाळा उभारली, ती देशांतील पहिली ऊतिसंवर्धनशाळा म्हणून ओळखली जाते. उंदरांतील स्तनकर्करोगाचा संप्रेरकांशीं आणि विषाणूशीं कसा संबंध पोहोंचतो, हें त्यांनीं तपासलें. 1982 सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें.

येथें आमचा मुद्दा नीट ध्यानांत यावा. पेशी शरीराबाहेर जगविणें ही विद्या पुस्तकांतून येत नाहीं. सदतीस अंशांची ऊब, दर दोन-तीन दिवसांनीं बदलावयाचें पोषक द्रव्य, आणि हात जरा चुकला कीं सगळ्या श्रमांवर पसरणारी बुरशी; हें सारें कोणाच्या तरी शेजारीं उभें राहूनच शिकावें लागतें. गाय यांच्या हातून तें रणदिवे यांच्या हातीं आलें, आणि त्यांच्या हातून परळच्या विद्यार्थ्यांकडे गेलें. घरीं लोणचें घालण्याची रीत जशी सुनेच्या हातीं जाते, तशीच ही रीत. ज्या विद्यापीठाचा त्या रीतीशीं संबंध केवळ शिक्क्यापुरता, त्याच्या महाविद्यालयांतील शेंकडों मुलींपर्यंत ती पोहोंचावी कशी?

पुण्यांत निराळें घडूं शकलें. प्रा. लीला मुल्हेरकर यांनीं एडिंबरोस वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या गर्भावर काम केलें. त्यांचा निबंध 1958 चा आहे. नंतर त्यांनीं तो विषय पुणें विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागांत रुजविला. साहित्य काय, तर अंडीं, काचेच्या बशा आणि ऊबपेटी. एवढ्यावर तेथें विद्यार्थ्यांची परंपरा तयार झाली. यंत्रांवांचून अडतें असें म्हणणाऱ्यांना आमचें हेंच उत्तर आहे. पुढें त्याच विद्यापीठाच्या आवारांत पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आली. ती देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरविते, तिचीं कामें मोठीं आहेत, आणि तिचे विद्यार्थी पदवी घेतात ती या विद्यापीठाचीच. तिच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती अशी संस्था विद्यापीठाच्या अंगणांत असावी, विभागाच्या अंगांत नसावी, या धोरणाविषयीं. मुंबईस रसायन तंत्रशास्त्राचा विभाग 1933 पासून विद्यापीठाचें भूषण होता. 2008 सालीं तो स्वतंत्र विद्यापीठ होऊन बाहेर पडला. त्याचा उत्कर्षच झाला, हें आम्ही जाणतों. परंतु जो भरभराटीस आला त्यानें निघून जावें, ही रीत पडली म्हणजे मागें उरतें काय?

उरतात अहवाल. अमुक निबंध, तमुक परिसंवाद, इतके गुणांक. मूल्यांकन समितीपुढें ठेवावयाच्या या याद्यांना 'विभागाची कामगिरी' म्हणतात. निबंध मोजूं नयेत असें नाहीं; पण धोतऱ्याचा तो निबंधही गणतींत एकच भरला असता.

आतां आमच्या दाराशींच पाहा. भाईंदरच्या खाडीकांठीं मिठागरें आहेत आणि त्यांच्या कडेनें तिवरांचें रान. तिवराच्या पानांत मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. उन्हांत पान निरखून पाहिलें कीं त्यावर मिठाचे कण चमकतात, जिभेला लागतात. कांदळ मात्र तें मीठ बहुतांशीं मुळाशींच अडवितो. एकाच चिखलांत दोन निराळ्या तोडी! पेशीचें आवरण काय आंत घेतें, काय बाहेर ठेवतें, आणि त्यासाठीं शक्ति कशी खर्चते, हा सगळा धडा त्या एका पानांत आहे, आणि तें पाहावयास साधें सूक्ष्मदर्शक यंत्र पुरतें. येथलीं मुलें हा धडा मार्गदर्शिकेंतून पाठ करतात, परीक्षेंत गुण मिळवितात, आणि सकाळची गाडी पकडतांना त्याच तिवरांकडे पाठ करून उभीं राहतात. शिक्षकांचा तरी काय दोष? त्यांनाही कोणी दाखविलें नाहीं.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या राष्ट्रीय संस्था विद्यापीठांच्या पदव्यांवर आपले संशोधक घडवितात त्यांनीं पदवीच्या वर्गांसाठीं वर्षांतून कांहीं आठवडे आपलीं बांकें उघडीं ठेवावीं, आणि महाविद्यालयांतील शिक्षकांस दोन-दोन महिने शेजारीं उभें करून घ्यावें. विद्यापीठानें तो काळ रजा न समजतां काम समजावें. आणि येत्या जूनमध्यें भाईंदरच्या पालकांनीं प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं प्रयोगशाळेचें दार उघडावयास सांगून आंत किती सूक्ष्मदर्शकें आहेत, आणि त्यांपैकीं कितींवरची धूळ पुसलेली आहे, हें पाहून यावें.