देऊळ दाखवलं, शेत राहून गेलं



गेल्या मे महिन्यात गाळप हंगाम आटोपल्यावर आम्ही सहकुटुंब युरोपच्या सहलीला जाऊन आलो. चार-पाच वर्षं पै-पै साठवली होती. परत आल्यापासून गटात कुठंही गेलो की एकच विचारणा होते : "साहेब, काय पाहिलं तिकडं?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा जर्मनीतल्या एकाच दिवसाची हकीगत येथे मांडतो. त्या दिवसाने आमच्या मनात जो विचार घातला, तो सभासदांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे असे आम्हाला वाटते.

मुक्काम कोलोनजवळ होता. सकाळी यात्रा कंपनीने तिथलं मोठं देऊळ दाखवलं. 1248 साली पाया घातला आणि 1880 साली काम पुरं झालं, म्हणजे सहाशेवर वर्षं लागली. शिखर 157 मीटर उंच. पोरांनी फोटो काढले, सौ.नी दिवा लावला. मग बस राईन नदीच्या अंगाने दक्षिणेकडे निघाली. थेपले-चटणीचे डबे फिरले, गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या.

आमची नजर मात्र खिडकीबाहेर. सपाट, काळसर-पिवळट गाळाची जमीन, थेट आपल्या तापीकाठासारखी. गव्हाच्या शेजारी लांबच लांब ओळींत कोवळी हिरवी रोपं. दीड फुटावर ओळ, वीतभर अंतरावर रोप, तण औषधाला नाही. आमच्या मागे शिरपूरकडचे एक बागायतदार आप्पा बसले होते. त्यांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "हाई काय शे, भाऊ?"

आम्ही म्हणालो, "आप्पा, हा आपला भाऊबंद. साखरेचं बीट."

गाईडला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. त्याचा दोष नाही. त्याला किल्ले दाखवायचे होते, आणि किल्ले सुंदर आहेत. पण ज्या बीटाने युरोपला साखर दिली ते याच देशात सापडलं. बर्लिनच्या मार्कग्राफने 1747 साली बीटात उसाचीच साखर आहे हे सिद्ध केलं आणि त्याचा शिष्य आखार्ड याने सायलेशियात, 1801 च्या सुमारास, बीटसाखरेचा पहिला कारखाना उभारला. तो मुलूख आता पोलंडमध्ये आहे.

पुढे राईनच्या दुसऱ्या तीरावर नॉयवीड गाव दिसलं. तिथल्या पुलाला रायफायझेन हे नाव आहे. बस थांबली नाही. आमचा हात मात्र नकळत जोडला गेला.

हा रायफायझेन कोण? या भागातला एक सरपंचवजा नगराध्यक्ष. 1846-47 च्या दुष्काळी हिवाळ्यात त्याने गोरगरिबांना भाकरी मिळावी म्हणून मंडळ काढलं. गुरांच्या व्यापाऱ्यांच्या कर्जात बुडालेला शेतकरी त्याने पाहिला. नुसत्या दानधर्माने भागत नाही हे ओळखून 1864 साली नॉयवीडला लागूनच असलेल्या हेडेसडॉर्फ येथे त्याने शेतकऱ्यांचीच पतपेढी उभी केली. एकमेकांना ओळखणारे गावकरी, सगळ्यांची जबाबदारी सगळ्यांवर. मद्रास सरकारचे निकल्सन यांनी युरोपात जाऊन या पद्धतीचा अभ्यास केला, 1895 साली अहवाल दिला, आणि 1904 साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपली गावची विकास सोसायटी त्याच वेलीचं फळ. पुढे 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना चालू करून दाखवला. त्या पायवाटेनेच आपणही चाललो आहोत.

असो. इतिहास झाला. आता मुद्द्याचं.

मे महिन्यात तिकडचे कारखाने बंद असतात. त्यांचा हंगाम सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत. पण तिथली पद्धत आम्ही अभ्यासली आहे. बीटाची गाडी कारखान्यात आली की नमुना काढतात. माती किती ती वजनातून वजा होते. साखर किती ते प्रयोगशाळेत मोजतात. 16 टक्के साखर हे प्रमाण धरून हिशेब होतो. जास्त साखर, जास्त पैसे. आणि नमुना नीट काढला जातो की नाही हे पाहायला उत्पादकांच्या संघटनेचा माणूस असतो.

आपल्याकडे काय होते? 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये एफआरपी ठरली. पुढच्या प्रत्येक दशांश टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जादा. पण तो उतारा सगळ्या कारखान्याचा सरासरी. ज्याने बेणे बदललं, माती परीक्षण केलं, वेळेवर पाणी तोडून पक्व ऊस दिला, त्याला तोच दर. ज्याने कोवळा ऊस वाढ्यासकट आणि मातीसकट गव्हाणीत लोटला, त्यालाही तोच. चांगला शेतकरी आळशी होतो तो येथेच.

यात आमच्या खात्याचा दोष नाही असे आम्ही म्हणणार नाही. नोंदीच्या तारखेवर तोड द्यायची हा नियम. पण किती वेळा कोणाच्या तरी चिठ्ठीवर, कोणाच्या तरी फोनवर आम्ही टोळी आधी पाठवली आहे! हातातला रिफ्रॅक्टोमीटर कपाटात राहिला. को.सी. 671 सारखी लवकर पिकणारी जात वाट पाहत उभी राहिली आणि को. 86032 चा कोवळा प्लॉट आधी तुटला. नुकसान एकट्याचं नाही, सर्वांचं. एक लाख टन गाळपाला पाव टक्का उतारा वाढला, तर अडीच हजार क्विंटल साखर जास्त निघते. हा हिशेब कोणीही मांडून पाहावा.

कोणी म्हणेल, "तिथला शेतकरी मोठा, इथं दीड एकरवाला, गाडीगाडीचा नमुना कसा काढणार?" म्हणणं बरोबर आहे. शिवाय तिथंही सगळं गोड नाही. 2017 साली युरोपातला साखरेचा कोटा संपला, तसा बीटाच्या किमान दराचा आधारही गेला. आपल्याला निदान एफआरपीचा कायदा आहे. तेव्हा आंधळी नक्कल नको. पण जमेल तेवढं का करू नये?

आमची सूचना एवढीच. येत्या हंगामात एक गट निवडावा. त्या गटात तोडणीचा क्रम नोंदीची तारीख, जात आणि ब्रिक्सची पाहणी या तिन्हींवर ठरावा. ती यादी सोसायटीच्या फळ्यावर लागावी. नमुना काढताना गावच्या दोन सभासदांनी उभं राहावं. स्वच्छ, पक्व ऊस देणाऱ्याला काही जादा द्यायचे की नाही, हे हंगामाअखेर आकडे पाहून सर्वसाधारण सभेने ठरवावे. चिठ्ठी आणणाऱ्याला आम्ही फळ्याकडे बोट दाखवू. त्यासाठी मात्र सभासदांचं पाठबळ हवं. एकट्या शेतकी अधिकाऱ्याच्या पाठीत एवढा कणा नसतो, हे स्पष्ट सांगतो.

जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या साखर कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग आजही बीट उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडे आहेत. मालकी टिकते ती काट्यावर आणि नमुन्यावर विश्वास असेल तरच. आपल्या खान्देशात धुराडी थंड पडलेले कारखाने आपण येता-जाता पाहतो. त्यांच्या दारातून जाताना जुन्या सभासदाच्या डोळ्यांत काय येतं, तेही आपण पाहिलं आहे.

विमानतळावर उतरल्यावर निरोप घेताना आप्पांनी पुन्हा खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "साहेब, देऊळ बांधायला सहाशे वर्षं लागली, पण शेवटी लोकांनी ते पुरं केलंच." आम्ही त्यांच्याकडे बघतच राहिलो. सभासदांनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.