शिबिरातून गृहखात्यात : दिगंबरराव बिंदू

१/ दरवर्षी १७ सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभापाशी ध्वजारोहण होते. त्या दिवशी सांगितली जाणारी कथा निजामाच्या शरणागतीपाशी थांबते. वास्तविक तिचा अधिक अवघड अध्याय तेथूनच सुरू होतो. दिगंबरराव बिंदू यांच्या आयुष्यातून तो समजून घेऊ. 🧵

२/ १९४७. भारत स्वतंत्र झाला. निजामाने विलीनीकरण नाकारले. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. लढ्याची सूत्रे कृती समितीकडे आली. समितीचे अध्यक्ष होते बिंदू.

३/ संस्थानाच्या सीमेलगत, भारतीय हद्दीत, शिबिरे उभी राहिली. तेथील तरुण रात्री सीमा ओलांडत, करोडगिरी नाकी जाळत, पोलीस ठाण्यांवर हल्ले करीत, रझाकारांना तोंड देत. ना वेतन, ना सैनिकी हुद्दा. निजामाची हुकमत गावोगावी मोडून काढणे, हे त्यांचे काम.

४/ १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या लष्करी कारवाईने संस्थान संपले. आधी लष्करी प्रशासन, मग केंद्राने नेमलेले मुख्यमंत्री वेल्लोडी. १९५२ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतून १७५ सदस्यांची विधानसभा अस्तित्वात आली. बुरगुला रामकृष्ण राव यांच्या मंत्रिमंडळात बिंदू गृहमंत्री झाले. चार वर्षांपूर्वी ज्या ठाण्यांवर हल्ले झाले, ती आता त्यांच्याच खात्याखाली आली.

५/ त्याच वर्षी मुल्की आंदोलन पेटले. सरकारी नोकऱ्या बाहेरून आलेल्यांना मिळतात, स्थानिकांना डावलले जाते, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. सप्टेंबरच्या आरंभी हैदराबादेत, सिटी कॉलेज परिसरात, पोलिसांनी गोळीबार केला. माणसे दगावली. त्या वेळी गृहखाते बिंदूंकडे होते.

६/ यावर आक्षेप येईल : निजामाची सत्ता आणि निवडून आलेले सरकार यांची तुलनाच कशी होते? आक्षेप रास्त आहे. परंतु हा भेद केवळ मतपेटीने सिद्ध होत नाही. सत्तेला जाब विचारता येतो की नाही, यावर तो ठरतो. या गोळीबाराची चौकशी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश पी. जगनमोहन रेड्डी यांनी केली. निजामी राजवटीत रझाकारांच्या अत्याचारांची अशी उघड चौकशी कल्पनेतही नव्हती. मुक्तीचा खरा अर्थ या फरकात शोधावा लागतो.

७/ म्हणून बिंदूंना केवळ सेनानी म्हणून वंदन करणे अपुरे आहे, आणि केवळ गोळीबाराच्या काळातील गृहमंत्री म्हणून दोष देणेही अन्यायाचे आहे. सत्तेशी लढलेला माणूस स्वतः सत्ता होतो, तेव्हा त्याची दुसरी परीक्षा सुरू होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९४८ ते १९५६ ही आठ वर्षे आपल्या स्मरणातून जवळजवळ गळाली आहेत. येत्या १७ सप्टेंबरला स्तंभापुढे उभे राहाल, तेव्हा त्या वर्षांचीही आठवण असू द्या.